मोहावे वाळवंटातलं ठिपकेदार शेंगांचं हे रोप कोणतं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. एप्रिलच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, कोरड्या ओढ्याच्या वाळूत, तुम्हाला जमिनीलगत पसरलेलं वीतभर उंचीचं रोप दिसलं. फुलं जांभळट गुलाबी, मटारच्या फुलाच्या घडणीची. पानांवर राखाडी लव, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना बारीक दलं. शेंगा हवा भरल्यासारख्या फुगलेल्या आणि त्यांवर तांबूस ठिपके. बरोबरच्या मित्राने ल्युपिन म्हणून सांगितलं, मोबाइलमधल्या ॲपने एकदा ‘लोकोवीड’ आणि दुसऱ्यांदा ‘व्हेच’ म्हणजे रानटी मटाराचा नातेवाईक ठरवला. तुम्हाला नक्की नाव हवं आहे, आणि शेंगा विषारी आहेत का हेही.

हे ॲस्ट्रॅगॅलस लेंटिजिनोसस आहे. अमेरिकेत त्याला फ्रेकल्ड मिल्कव्हेच किंवा स्पॉटेड लोकोवीड म्हणतात. म्हणजे ॲपचं पहिलं उत्तर बरोबर दिशेचं होतं. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ॲस्ट्रॅगॅलस, याबद्दल मला काहीच शंका नाही. जातीबद्दल जवळजवळ खात्री आहे. त्या जातीतला नेमका प्रकार मात्र तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंवरून सांगणार नाही. त्याची कारणं पुढे येतील. शेंगा खाऊ नका, जनावरांना खाऊ देऊ नका. हाताळल्याने मात्र काहीही होत नाही.

आता हे ओळखायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण वाळवंटात वसंतात हिंडणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो आणि बहुतेक जण फुलाकडे बघत बसतात. शिंबावंत, म्हणजे मटारसारख्या शेंगांच्या कुळात फुलावरून कुळ कळतं, फार तर उपकुळ कळतं. पुढचा सगळा निकाल पान, लव आणि शेंग देतात, त्यातही शेंग सर्वात जास्त.

पहिला प्रश्न असा की रोप या कुळातलं आहे तरी का. तुमच्या फुलाचा बाजूने घेतलेला फोटो चांगला आहे, त्यात सगळं दिसतं. वरची मोठी पाकळी मागे वळलेली, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. खाली दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली नौका, आणि पुंकेसर व कुक्षी त्या नौकेच्या पोटात लपलेले. मधमाशी पंखांवर बसली की तिच्या वजनाने नौका खाली दबते, पुंकेसर बाहेर येतात आणि माशीच्या पोटाला पराग लागतो. ही रचना पतंगरूप फुलांच्या उपकुळाची. कळी उमलण्याआधी ध्वज बाकीच्या चारही पाकळ्यांना बाहेरून कवेत घेऊन असतो. हे बारकाव्याने बघण्यासारखं आहे, कारण याच वाळवंटातल्या पालो व्हर्डे आणि सेना आर्माटा या शिंबावंत झाडाझुडपांत उलट असतं. तिथे वरची पाकळी कळीत सगळ्यांच्या आत असते आणि नौका नसतेच. मेस्कीट आणि कॅटक्लॉ यांची फुलं तर निव्वळ पुंकेसरांचे झुबके. सगळ्यांचं कुळ एक, पण फुलांवरून कुणी म्हणणार नाही. जगात या कुळात सुमारे 19,500 जाती आहेत. ऑर्किड आणि सूर्यफुलाच्या कुळांनंतर हेच सर्वात मोठं. त्यामुळे ‘मटारच्या कुळातलं काहीतरी’ या उत्तराने फारसं काही हाती लागत नाही.

मोहावेत या कुळाचा भास करून देणाऱ्या दोन वनस्पती हमखास भेटतात, त्या आधी बाजूला काढाव्यात. एक क्रामेरिया. गर्द किरमिजी फुलं, लांबून पतंगरूप वाटतात. पण त्यातल्या ज्या मोठ्या रंगीत ‘पाकळ्या’ दिसतात त्या खरं तर संवर्ताची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेढ्याची, दलं आहेत, आणि खऱ्या पाकळ्यांपैकी दोन जाड होऊन तेल स्रवणाऱ्या ग्रंथी बनल्या आहेत. सेंट्रिस नावाच्या मधमाश्या मधासाठी येत नाहीत, हे तेल गोळा करायला येतात. पानं साधी, फळ गोल आणि काटेरी. दुसरी स्क्युटेलारिया मेक्सिकाना, पूर्वीचं नाव सालाझारिया. फुगीर फळ म्हणून लोक जे दाखवतात तो तिचा फुगलेला संवर्त असतो. तिची पानं समोरासमोर येतात आणि ती तुळशीच्या कुळातली आहे. तुमच्या फोटोत पानं एकाआड एक आणि संयुक्त आहेत, आणि फुगलेली आहे ती शेंगच, कारण तिच्या बुडाशी छोटासा संवर्त वेगळा दिसतो आहे. म्हणजे या दोन्ही नाहीत.

ल्युपिन का नाही? यासाठी फूल बघायचीही गरज नाही. ल्युपिनचं पान हस्ताकृती असतं, सगळी दलं देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून निघून चहूकडे पसरतात. तुमच्या रोपाचं पान पिच्छाकृती आहे. मधली दांडी लांब, दलं तिच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने आणि टोकाला एकटं एक दल. एवढ्यावर ल्युपिन बाद. तरीही तुमच्या मित्राची बाजू समजू शकतो, कारण मोहावे आणि त्याला लागून दक्षिणेकडचं सोनोरन वाळवंट इथे ल्युपिनच्या अनेक जाती त्याच महिन्यात, त्याच ओढ्यांत, त्याच रंगात फुलतात. पुढच्या वेळी दोन्ही शेजारी सापडली तर एक गोष्ट जरूर पाहा. ल्युपिनच्या ध्वजावर मधोमध पांढरट किंवा पिवळसर डाग असतो आणि फूल जुनं झालं की तो किरमिजी होतो. मधमाशा ताज्या डागाची फुलं निवडतात. त्याच मंजरीत वर फिके डाग आणि खाली किरमिजी डाग असं दिसलं की ते ल्युपिन. आणि टाचणीने नौका उघडता आली तर ल्युपिनचे दहाही पुंकेसर तळाशी एका नळीत जोडलेले दिसतील, परागकोश आळीपाळीने लांब आणि आखूड. ॲस्ट्रॅगॅलसमध्ये नऊ जोडलेले आणि वरचा दहावा सुटा. शेंग बघाल तर ल्युपिनची चपटी, केसाळ, वाळल्यावर पीळ घेऊन तडकणारी. फुगलेली कधीच नाही.

व्हेचचा प्रश्न त्याहून सोपा. व्हेच आणि लॅथिरस यांच्या पानाच्या टोकाला दलाऐवजी प्रतान असतं, म्हणजे वेलीला आधार धरायची तार. तुमच्या पानाच्या टोकाला दल आहे. नाव मिल्कव्हेच असलं तरी ही दोन्ही वेगळी.

सोरोथॅम्नस आणि डालिया या दोन प्रजातींची शक्यता मी थोडा वेळ विचारात घेतली, कारण निळ्याजांभळ्या फुलांच्या वाळवंटी शिंबावंतांत त्या मोहावेत सर्वत्र आहेत. पण त्यांच्या पानांवर, फांद्यांवर आणि संवर्तावर तेलाच्या ग्रंथी असतात. भिंगाखाली नारिंगी किंवा गडद ठिपके दिसतात आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. शेंग इवलीशी, एकबीजी, न उकलणारी, बहुतेक वेळा संवर्तातच दडलेली. शिवाय सोरोथॅम्नसची झुडपं लाकडी असतात. तुमचं रोप मऊ खोडाचं आहे, बुडाशी फार तर थोडं टणक. तुमच्या रोपावरचे ठिपके शेंगेच्या सालीच्या रंगात आहेत, ग्रंथींचे नाहीत. फोटो मोठा करून पाहा, पानावर एकही ठिपका नाही. ॲक्मिस्पॉनच्या जाती, ज्यांना पूर्वी लोटसमध्ये धरत, त्यांची फुलं पिवळी असतात आणि जुनी झाल्यावर तांबूस होतात. तो प्रश्नच नाही. ऑक्सिट्रोपिस ही ॲस्ट्रॅगॅलसची सख्खी बहीण. फरक नौकेच्या टोकाला: ऑक्सिट्रोपिसमध्ये तिथे अणकुचीदार चोच असते, ॲस्ट्रॅगॅलसमध्ये टोक बोथट. तुमच्या बाजूच्या फोटोत बोथट टोक स्वच्छ दिसतंय. आणि ऑक्सिट्रोपिस हे थंड डोंगराळ भागातलं आणि उत्तरेकडचं, मोहावेच्या खालच्या वाळूत नसतं.

म्हणजे आपण ॲस्ट्रॅगॅलसपाशी आलो, आणि खरी मेहनत इथे सुरू होते. सपुष्प वनस्पतींत जातींच्या संख्येने ही सर्वात मोठी प्रजाती, सुमारे 3,000 जातींची. बहुतेक आशियात, पण उत्तर अमेरिकेतही साडेतीनशेहून जास्त आहेत. यांचा जम कोरड्या, दगडी, वाळूच्या, चुनखडीच्या किंवा क्षारपड जमिनीत. एकेक टेकडी, एकेक दरी, एकेका मातीचा पट्टा धरून एकेक जात वेगळी झालेली. जुन्या जगातल्या जातींची गुणसूत्रं आठच्या पटीत असतात. नव्या जगातल्या बहुसंख्य जातींत मूळ संख्या 11 ते 15 अशी आहे. म्हणजे अमेरिकेत आल्यावर या वंशाने आपला वेगळाच विस्तार केला.

फुलं या हजारो जातींत इतकी सारखी की ओळखीच्या तक्त्यांत सुरुवातीलाच ‘पिकलेली शेंग आवश्यक’ अशी अट असते. फुलांचा हंगाम सुरू असताना गेलेल्या माणसाला हे फार त्रासदायक वाटतं, पण त्याला इलाज नाही. तुमचं नशीब असं की या रोपावर फुलं आणि शेंगा दोन्ही एकाच वेळी आहेत.

तर शेंग हातात धरून बघू. फुगीर शेंगा असणारे ॲस्ट्रॅगॅलस अनेक आहेत. मोहावे आणि त्याच्या कडेच्या डोंगरांत डग्लसी, ऊफोरस, ॲलोक्रोअस हे सगळे फुगीर शेंगांचे. ॲलोक्रोअसची फुलं तर तुमच्या रोपासारखीच गुलाबी जांभळी. बाहेरून ठिपके बघून जात ठरवणारे इथे फसतात, कारण ठिपके इतरांतही येतात आणि लेंटिजिनोससच्या काही प्रकारांत ते जवळजवळ नसतात. ऊफोरसची शेंग मोठी, अंडाकृती, आणि संवर्तातून बाहेर आलेल्या वेगळ्या देठीवर टांगलेली. तुमच्या शेंगेला अशी देठी नाही, ती थेट संवर्तातून निघते.

निर्णायक गोष्ट आत आहे. रोपाखाली वाळूवर पडलेली वाळकी शेंग घ्या, मधोमध नखाने आडवी मोडा आणि तुटलेल्या कडेकडे भिंगाने बघा. डग्लसी, ऊफोरस, ॲलोक्रोअस यांत आत एकच पोकळी दिसेल, कागदी भिंतीची, बिया वरच्या शिवणीला लोंबणाऱ्या. लेंटिजिनोससमध्ये दोन पोकळ्या दिसतात. खालच्या शिवणीची भिंत आत घडी घालून वर चढते, वरच्या शिवणीला भिडते आणि मधे पूर्ण उभा पडदा तयार होतो. बाहेरून याची खूण म्हणजे दोन्ही शिवणींवर पन्हाळीसारखी खोलगट रेघ, ज्यामुळे शेंग किंचित दुहेरी वाटते. शेंगेच्या टोकाला मात्र हा पडदा पोचत नाही. तिथे त्रिकोणी, बाजूंनी चपटी, जराशी वर वळलेली चोच असते आणि ती एकपोकळीच राहते. वाळल्यावर शेंग याच चोचीतून उकलते. तुमच्या तिसऱ्या फोटोत शेंगेच्या पाठीवरची खोल रेघ आणि चपटी चोच दोन्ही आहेत. लेंटिजिनोससबद्दल माझी खात्री यावर उभी आहे. आडवा छेद दिसला असता तर ‘जवळजवळ’ हा शब्दही काढून टाकला असता.

शेंग फुगीर असण्याला कारण आहे. वाळल्यावर ती फार हलकी होते, देठापासून सुटते आणि वाऱ्याबरोबर वाळूवरून घरंगळत जाते. वाटेत बिया चोचीतून एकेक करून सांडतात. बिया मूत्रपिंडाच्या आकाराच्या, तपकिरी, कठीण कवचाच्या. ते कवच पाणी आत जाऊ देत नाही. वाळूत घासून, उन्हाने आणि थंडीने ते झिजल्याशिवाय बी रुजत नाही. म्हणून एका वर्षीचं सगळं बी एकदम उगवत नाही, जमिनीत साठा राहतो. मोहावेत पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. तो चांगला झाला तर हीच जात एखाद्या ओढ्यात दाटीने दिसते आणि पुढच्या दुष्काळी वर्षी तिथे एकही रोप नसतं. तुम्ही ओढ्याच्या वाळूत ती पाहिलीत यातही नवल नाही. पाणी कधीतरीच येतं, पण आलं की बिया खरवडून पुढे नेतं आणि मोकळी जागा तयार करतं. मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असल्यामुळे नत्र नसलेल्या वाळूत या कुळाला इतरांपेक्षा सोपं जातं.

आता प्रकाराबद्दल. लेंटिजिनोसस या एका जातीचे चाळीसच्या आसपास प्रकार मानले जातात. अमेरिकेच्या वनस्पतींत इतक्या प्रकारांत विभागलेली दुसरी जात क्वचितच सापडेल. या प्रजातीची अमेरिकेतली घडी बसवली ती न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या रूपर्ट बार्नेबी यांनी. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं उत्तर अमेरिकेतल्या ॲस्ट्रॅगॅलसवरचं दोन खंडांचं काम आजही आधाराला घेतलं जातं. केंब्रिजमध्ये ते इतिहास आणि भाषा शिकले होते, वनस्पतिशास्त्र त्यांनी स्वतः हिंडून, सुकवलेले नमुने पाहून कमावलं. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट विशेष मोलाची वाटते: त्यांनी या रूपांना चाळीस जाती म्हणून तोडलं नाही. एक रूप दुसऱ्यात मिसळत जातं हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना प्रकार म्हणूनच ठेवलं.

तुमच्या भागात फ्रीमॉन्टी आणि व्हेरिॲबिलिस हे दोन प्रकार मुख्यतः विचारात घ्यावे लागतील. निवड करायला लव किती दाट आणि कशी, नौकेची लांबी किती मिलिमीटर, फळावर आलेली मंजरी लांबट मोकळी की आखूड दाट, शेंगेची भिंत कागदासारखी पातळ की जाडसर, आणि रोप नेमकं कुठलं, एवढं लागतं. मोजपट्टी नसलेल्या फोटोत नौकेची लांबी कळत नाही, आणि तिरप्या उन्हात विरळ लवही दाट वाटते. म्हणून मी इथे थांबतो. प्रकाराचं नाव घाईने लावणं बरं नाही, कारण यातले काही प्रकार कायद्याने संरक्षित आहेत. दक्षिणेच्या कोचेला खोऱ्यातला कोचेली प्रकार 1998 मध्ये संघराज्याच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत गेला. उत्तरेला बिशपजवळच्या फिश स्लू या क्षारपड पाणथळीतला पिसिनेन्सिस त्याच वर्षी संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. युरेका खोऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांवर मिकान्स नावाचा चंदेरी लवेचा प्रकार आहे, तो फक्त तिथेच. चुकीचं नाव नकाशावर चढलं की या रोपांच्या खऱ्या वस्तीचा अंदाज बिघडतो.

विषाबद्दल तुम्ही विचारलं आहे, आणि हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण याच जातीचा त्यात मोठा वाटा आहे. पश्चिम अमेरिकेतल्या पशुपालकांना लोकोवीडचा त्रास फार जुना. घोडे, गुरं, मेंढ्या ही रोपं काही आठवडे खात राहिली की त्यांना दिशा कळेनाशी होते, पाय अडखळतात, डोळे निस्तेज होतात, वजन उतरतं, गाभण जनावरं गाभ टाकतात. घोडा सर्वात नाजूक. बाहेरून बरा दिसू लागला तरी मज्जासंस्थेचं नुकसान राहून जातं आणि त्याच्यावर बसणं सुरक्षित राहत नाही. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात स्वेनसोना कॅनेसेन्स या तिथल्या वाळवंटी शिंबावंतातून एक अल्कलॉइड वेगळं केलं गेलं, त्याला स्वेनसोनाइन नाव मिळालं. 1982 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना तेच अल्कलॉइड लोकोवीडमध्ये सापडलं, आणि ज्या रोपात सापडलं ते हेच लेंटिजिनोसस.

स्वेनसोनाइन पेशीतल्या मॅनोसिडेज या विकराला अडवतं. या विकराचं काम साखरेच्या साखळ्या तोडून पचवण्याचं. ते बंद पडलं की अर्धवट तुटलेल्या साखळ्या पेशीत साठत जातात, पेशी पोकळ्यांनी भरून जाते, आणि मेंदूतल्या पेशींनाही त्याचा फटका बसतो. म्हणून हे विष एका घासात मारत नाही, साचत साचत काम करतं.

याहून चकित करणारी गोष्ट नंतर कळली. हे विष रोप स्वतः बनवत नाही. रोपाच्या आत, बाहेरून काहीच न दिसता, अल्टर्नेरियाच्या गटातली एक बुरशी राहते आणि ती ते बनवते. बुरशी बीच्या कवचातून पुढच्या पिढीत जाते. कवच काढून आतला गर्भ वेगळा वाढवला तर येणाऱ्या रोपात ना बुरशी असते ना स्वेनसोनाइन. त्यामुळे एकाच जातीची दोन रोपं शेजारी उभी असून एक विषारी आणि दुसरं जवळजवळ निर्विष असू शकतं, आणि डोळ्यांनी ते सांगता येत नाही. हेच अल्कलॉइड बेशरममध्येही, म्हणजे आयपोमिया कार्नियातही असतं. कुळ पूर्ण वेगळं, पण तिथेही विष बनवणारी बुरशीच, फक्त दुसऱ्या गटातली.

या प्रजातीत स्वेनसोनाइन हे एकच विष नाही. काही जाती नायट्रो संयुगं साठवतात, त्यांनी जनावरांना दम लागतो आणि मागचे पाय लुळे पडतात. बायसल्केटस, पॅटरसनी, प्रीलॉन्गस यांसारख्या जाती सेलेनियम असलेल्या मातीत वाढतात आणि ते आपल्या पानांत गोळा करतात. त्यांच्याजवळ गेलं की घाणेरडा वास येतो. आणि हो, औषधांच्या दुकानात ‘ॲस्ट्रॅगॅलस’ नावाने जी मुळी किंवा कॅप्सूल मिळते ती चिनी वैद्यकातल्या आशियाई जातीची. तिचं नाव वाचून मोहावेतलं रोप चाखून बघणं धोक्याचं आहे. प्रजातीचं नाव एक असल्याने गुणधर्म एक होत नाहीत, आणि ॲस्ट्रॅगॅलसमध्ये तर मुळीच नाही.

बरोबर कुत्रं किंवा लहान मूल असेल आणि त्याने एखादी शेंग चावली असेल तर घाबरण्यासारखं सहसा नसतं, कारण हे विष साचून चढणारं आहे. तरी पॉयझन कंट्रोलला किंवा पशुवैद्याला फोन करून रोपाचं नाव सांगा. नाव ठाऊक असलं की त्यांचं काम सोपं होतं. घोड्यावरून त्या भागात फिरत असाल तर मात्र मुक्कामाच्या जागी ही रोपं दाट आहेत का ते आधी बघा आणि घोड्याला तिथे चरायला सोडू नका.

ॲपबद्दल. ॲप दोनदा दोन नावं देतं याचं कारण त्याला फोटोत जे ठळक दिसतं त्यावर ते जातं. फूल ठळक असलेल्या फोटोवर त्याने व्हेच सांगितलं, शेंग असलेल्या फोटोवर लोकोवीड. शेंगेचा आतला पडदा त्याला कधी दाखवलाच जात नाही. ॲपचं उत्तर प्रजातीपर्यंत धरावं आणि पुढे जेप्सन हर्बेरियमच्या ऑनलाइन तक्त्याने स्वतः पडताळावं. कॅलिफोर्नियासाठी त्याच्याइतकं नेटकं दुसरं साधन मला माहीत नाही. एखादी जात त्या भागात नोंदलेली आहे का हे कॅलफ्लोरावर बघता येतं.

पुन्हा जाणं झालं तर रोप उपटू नका, फांदीही तोडू नका. मोहावे नॅशनल प्रिझर्व्ह, डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या संरक्षित भागांत परवान्याशिवाय काहीही गोळा करता येत नाही, अगदी वाळकी शेंगसुद्धा बाहेर नेता येत नाही. पडलेली शेंग आहे तिथेच बघून, फोटो काढून, तिथेच ठेवायची.

मला प्रकारापर्यंत जायला पुढचे फोटो लागतील. सगळं रोप वरून आणि बाजूने, म्हणजे ते पसरट आहे की उभं ते कळेल. पानाच्या बुडाशी खोडाला लागून असलेली दोन उपपर्णं, ती एकमेकांना जोडलेली आहेत की सुटी. पानाची दोन्ही अंगं जवळून, सावलीत, कारण उन्हात लव पांढरी फाकते. एक फूल मोजपट्टीवर ठेवून बाजूने. शेंग बाजूने, पाठीवरून, आणि मोडलेल्या शेंगेचा आडवा छेद. त्याबरोबर जागेचे जीपीएस आकडे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. फुलं तोवर ओसरली असतील, तरी वाळलेल्या शेंगा मे महिन्यात त्याच ओढ्यात वाळूवर पडलेल्या मिळतील, आणि खरं तर मला त्याच जास्त उपयोगाच्या आहेत.